‘नाही’ आणि ‘सापडले नाही’

दिवाळीत नाशिकला आलेला पाहुणा द्राक्षबाग पाहायला मोठ्या हौसेने निघतो आणि बहुधा हिरमुसून परत येतो. कारण त्या दिवसांत बागेत द्राक्षे नसतातच. गोडी छाटणी नुकती झालेली असते, वेलींना कोवळा फुटवा आलेला असतो, आणि बागाईतदार पावसाच्या धास्तीने आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. मग आम्ही पाहुण्याची समजूत घालतो, की बाबा रे, घड पाहायचे तर माघ-फाल्गुनात ये. दिवाळीत आमच्याकडे चिवडा आणि करंज्या यांवरच भागव.

पण खरे सांगायचे तर बागेची गोष्ट सांगायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. पुढच्या हंगामाचे बरेवाईट याच सुमारास ठरू लागते. आणि मला जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात एक दिवाळी आहेच. मात्र गोष्ट द्राक्षांची असली तरी ती एका शब्दाची आहे, आणि तो शब्द मला नीट कळला नाही म्हणून घडलेल्या माझ्या एका चुकीची आहे.

नाशिक हे पूर्वी तीर्थाचे गाव. द्राक्षांचे गाव ही त्याची कीर्ती अलीकडची. ओझरला १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षबाग लावली आणि तेथून या भागात द्राक्षाचे पर्व सुरू झाले, असे सांगतात. पुढे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या बाजूला बागा पसरल्या. बिनबियांची थॉमसन जात आली. तिकडे सांगली जिल्ह्यातल्या बोरगावच्या वसंतराव आरवे यांनी तिच्यातूनच निवडून काढलेली ‘तास-ए-गणेश’ आली. १९९१ साली ‘महाग्रेप्स’ ही संस्था निघाली, आणि नाशिकचा घड शीतपेटीत बसून समुद्रापलीकडे युरोपात जाऊ लागला. ज्या शेतकऱ्याने स्वतः मुंबईपलीकडे पाऊल टाकले नव्हते, त्याच्या तोंडी रॉटरडॅम बंदराचे नाव मनमाड जंक्शनइतके सहज येऊ लागले.

परदेशी बाजार भाव चांगला देतो, पण पारखूनही घेतो. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांवर कीटकनाशकांचे अंश आढळले आणि मोठा गवगवा झाला. त्यानंतर प्रत्येक बागेची नोंद, काढणीपूर्वी घडांचा नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि मगच काढणी, अशी शिस्त लागली. शेतकऱ्याच्या घरात पंचांगाशेजारी रासायनिक पृथक्करणाचा कागद येऊन बसला. तो कागद इंग्रजीत असे. आणि आमच्या खेड्यात इंग्रजी कागद आला, की तो वाचायला मास्तरच्या घरी जाण्याची रीत आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो म्हणून गावाने मला आहे त्याहून अधिक शहाणा ठरवले आहे. २०१० च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारचे तात्या असाच एक अहवाल घेऊन माझ्याकडे आले. पानेच्या पाने नावांची यादी, आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे ‘नॉट डिटेक्टेड’ हे दोनच शब्द. मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि मोठ्या थाटात सांगितले, “तात्या, पेढे काढा. तुमच्या मालात काहीसुद्धा नाही.”

तात्यांनी पेढे दिले. माल गेला.

त्या वर्षी युरोपातल्या प्रयोगशाळांना आपल्या द्राक्षांत ‘क्लोरमेक्वाट क्लोराइड’ नावाचे द्रव्य मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आमचे शेतकरी त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. कंटेनर बंदरांत अडकले, काही माल परत लोटला गेला, भाव कोसळले, आणि नाशिकच्या शेकडो घरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागला: इथे शुद्ध ठरलेला घड तिथे अशुद्ध ठरतो कसा? कोणी म्हणाले, गोऱ्या व्यापाऱ्यांचा हा भाव पाडण्याचा डाव आहे. कोणी म्हणाले, आपलेच अहवाल खोटे. तात्या माझ्या ओसरीवर येऊन बसले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “गुरुजी, तुम्हीच वाचलं होतं ना, काही नाही म्हणून?”

त्यांचे पैसे पुढे तुकड्यातुकड्याने आले, तेही पुरते आले नाहीत. त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांच्या घरी पणत्या लागल्या, पण मुलांना कपडे झाले नाहीत. मी माझ्या घरच्या फराळाचे ताट घेऊन गेलो तेव्हा वहिनींनी ते हसतमुखाने घेतले. त्या हसण्याने मला जास्त बोचले. आपण वाचलेल्या कागदात नेमके काय लिहिले होते, याचा शोध घ्यायचा असे मी त्याच रात्री ठरवले.

शोधाची सुरुवात मला वाटले होते त्याहून फार मागे, आणि गंमत म्हणजे द्राक्षापाशीच सापडली. १८४८ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण द्राक्षाच्या मद्याच्या साक्यातून मिळणाऱ्या आम्लांवर काम करत होता. त्यांतल्या एका आम्लाचे नावच ‘रेसिमिक’. लॅटिन भाषेत ‘रासेमुस’ म्हणजे द्राक्षाचा घोस, त्यावरून ते पडले. त्या आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक पाश्चरने निरखून पाहिले, तेव्हा त्याला दिसले की ते सगळे एकसारखे नाहीत. डावा हात आणि उजवा हात जसे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब, तसे ते दोन जातींचे आहेत. त्याने चिमटा घेऊन, तांदूळ निवडावेत तसे, एकेक स्फटिक वेगळा काढला. एक जात प्रकाशाला उजवीकडे वळवी, दुसरी डावीकडे. जे एक वाटत होते ते दोन निघाले. असे वेगळे काढण्याला रसायनशास्त्रात ‘रेझोल्यूशन’ म्हणतात.

हा शब्द वाचून मी जरा थबकलो. रेझोल्यूशन म्हटले की आम्हाला ग्रामपंचायतीचा ठराव आठवतो. आपल्याकडे शास्त्रीय मराठीत त्याला ‘विभेदन’ म्हणतात. पण चिमट्याने निवडणे हे डोळ्यांना दिसणाऱ्या खड्यांपुरते ठीक. रसात विरघळलेली द्रव्ये कशी निवडायची?

त्याचे उत्तर ज्याने दिले, त्याची कहाणी कोणाही मास्तराला जिव्हाळ्याची वाटावी अशी आहे, कारण त्याचे हत्यार होते खडू. मिखाईल त्स्वेत हा वनस्पतिशास्त्रज्ञ. बाप रशियन, आई इटालियन. जन्म १८७२ साली इटलीतल्या आस्ती गावचा, म्हणजे तोही द्राक्षमळ्यांच्याच मुलखातला. आई लवकर गेली, पोर जिनिव्हात वाढले, तिथेच डॉक्टर झाले. रशियात परतल्यावर मात्र त्याची ती पदवी धरली जाईना. अखेर वॉर्सात नोकरी मिळाली. झाडाच्या पानात हिरवा रंग एकच की अनेक, हा त्याचा प्रश्न होता. त्याने काचेच्या अरुंद नळीत खडूची बारीक पूड ठासून भरली, पानांतल्या रंगांचे द्रावण वरून ओतले आणि मागून शुद्ध द्रावक सोडत गेला. पाहता पाहता नळीत पट्टे उमटले. एक निळसर हिरवा, एक पिवळसर हिरवा, आणि निरनिराळे पिवळे. सारे रंग एकाच वेळी निघाले होते, पण खडूच्या कणांना चिकटण्याची प्रत्येकाची ओढ वेगळी. जो कमी चिकटला तो पुढे गेला, जो जास्त चिकटला तो मागे राहिला. त्स्वेत तो खडूचा खांब नळीतून ढकलून बाहेर काढी आणि सुरीने बर्फी कापावी तसे रंगांचे पट्टे वेगळे कापून घेई.

१९०३ साली त्याने वॉर्साच्या निसर्गअभ्यासकांपुढे हे मांडले आणि १९०६ साली या रीतीला नाव दिले, ‘क्रोमॅटोग्राफी’, म्हणजे रंगलेखन. रशियन भाषेत ‘त्स्वेत’ या शब्दाचा अर्थच रंग, हा योगायोग की त्याचा मिस्कीलपणा, कोण जाणे. परंतु त्या काळच्या मोठ्या पंडितांना ही रीत पटली नाही. मार्च्लेव्स्कीसारख्यांनी टीकेची झोड उठवली. हरितद्रव्यावरच्या कामाबद्दल १९१५ चे नोबेल पारितोषिक विलश्टेटर यांना मिळाले. त्स्वेतला पहिल्या महायुद्धात वॉर्सा सोडावे लागले. गावोगाव फिरत, आजारी अवस्थेत, १९१९ साली व्होरोनेझ येथे तो वारला. वय सत्तेचाळीस. १९३१ साली हायडेलबर्गला कून आणि लेडरर यांनी गाजरातला रंग त्याच्या रीतीने वेगळा केला, तेव्हा कुठे जगाला त्याची आठवण झाली.

पुढची पायरी इंग्लंडमधल्या लीड्स गावची. तिथल्या लोकर संशोधन संस्थेत मार्टिन आणि सिंज या दोघांनी १९४१ साली या रीतीला नवे रूप दिले, आणि किती चांगले वेगळे झाले हे मोजायचे गणितही बसवले. १९५२ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता द्रव्याला रंग असण्याची गरज उरली नाही. नळीच्या शेवटी एक पहारेकरी यंत्र बसवायचे. द्रव्य बाहेर पडू लागले की कागदावर रेघ वर चढते आणि संपले की खाली उतरते. असे एकेका द्रव्याचे एकेक शिखर. आमच्या अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग लांबून दिसते, तसा तो आलेख दिसतो.

मग चांगले विभेदन म्हणजे काय? मी हे आमच्याकडच्या उदाहरणाने समजून घेतले, तसेच सांगतो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, दिंड्या पायी जातात. समजा, नाशिकहून दोन दिंड्या एकाच वेळी, एकमेकींत मिसळलेल्या निघाल्या. एक दिंडी वाटेत फारशी थांबत नाही. दुसरी प्रत्येक पाणपोईपाशी विसावते. त्र्यंबकला पोहोचेपर्यंत दोघींत अंतर पडणार, हे उघड आहे. पण तेवढ्याने दोन्ही वेगळ्या ओळखू येतील का? दिंडीत तरणेही असतात, म्हातारेही. पहिलीचे म्हातारे मागे रेंगाळले आणि दुसरीचे तरणे पुढे सरकले, तर दोन पताकांत अर्ध्या मैलाचे अंतर असूनही मधली माणसे कोणत्या दिंडीतली हे सांगता येणार नाही. उलट दोन्ही दिंड्या आटोपशीर चालल्या, तर थोडेसे अंतरही पुरते. म्हणजे अंतर किती पडले एवढेच पाहून भागत नाही. पसारा किती झाला तेही पाहावे लागते. अंतर भागिले पसारा, हेच विभेदन.

शास्त्रज्ञांचे गणित अगदी हेच आहे. दोन शिखरांमधला काळ घ्यायचा आणि त्या शिखरांच्या पायथ्यांच्या सरासरी रुंदीने त्याला भागायचे. एक द्रव्य सहाव्या मिनिटाला आले, दुसरे सातव्या मिनिटाला, आणि दोघांचा पायथा एकेक मिनिट रुंद असला, तर विभेदन एक. त्यात शेकडा दोनच्या आसपास सरमिसळ उरते. तेच पायथे चाळीस सेकंदांचे झाले तर विभेदन दीड, आणि मग दोन शिखरांमध्ये रेघ जमिनीला टेकते. दीड म्हणजे निर्मळ, असा दंडक आहे.

कोणी म्हणेल, मग वाट लांबवा, नळी दुप्पट करा. त्यातही एक मेख आहे. वाट वाढली की अंतर वाटेच्या प्रमाणात वाढते हे खरे, पण पसाराही वाढतो, जरी तो सावकाश, वर्गमुळाच्या चालीने वाढत असला तरी. म्हणून विभेदन दुप्पट हवे असेल तर नळी चौपट लांब करावी लागते. घाई केली तर पसारा वाढतो, आणि फार रमतगमत गेले तरीही वाढतो. खरा उपाय वेगळाच आहे. वाटेवरच्या पाणपोया अशा निवडाव्या, की एकाला तिथे थांबावेसे वाटेल आणि दुसऱ्याला वाटणार नाही.

आता आमचे सीसीसी. हे काही विष म्हणून कोणी घडावर मारत नव्हते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल नुसती शेंड्याने वाढू नये, काडीत घड धरावा, म्हणून ते फवारत. काढणी त्यानंतर दहा महिन्यांनी. इतक्या काळात ते उरेल अशी शंकाही शेतकऱ्याला कशी यावी? पण ते वेलीच्या लाकडात दबा धरून राहते आणि पुढच्या हंगामाच्या घडात कणभर उतरते. युरोपची मर्यादा त्या वेळी किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. म्हणजे २० टन द्राक्षांत एक ग्रॅम. जवळजवळ दीड कंटेनरात चिमूटभर.

आणि ते सापडले का नाही, ते आता सांगतो. शेकडो औषधे एकदम शोधायची सर्वसाधारण रीत अशी, की द्राक्षाच्या लगद्यातून एका द्रावकाने औषधे ओढून घ्यायची आणि ती नळीत सोडायची. बहुतेक औषधे तेलकट स्वभावाची असतात, ती द्रावकाबरोबर येतात आणि नळीत जागोजाग थांबतात. सीसीसी मात्र मिठासारखे, पाण्याचे वेडे. ते मुळात रस सोडून द्रावकात येतच नाही. आलेच, तर नेहमीच्या नळीत कुठेही न थांबता, साखर-आम्लांच्या गर्दीबरोबर अगदी पहिल्या क्षणी दारातून निघून जाते. पुढे वजनावरून ओळखणारे यंत्र असले, तरी दारात एवढी झुंबड उडाल्यावर पहारेकऱ्याला नीट नोंद कशी घेता येणार? ज्या यात्रेकरूने एकाही पाणपोईवर पाणी प्यायले नाही, त्याचे विभेदन शून्य. त्याच्यासाठी दुसरा द्रावक आणि दुसऱ्या स्वभावाची नळी लागते, पाणी आवडणाऱ्यांना थांबवून धरणारी. ती जिथे वापरली गेली, तिथे ते सापडले. इकडच्या शोधायच्या यादीत त्या वर्षी त्याचे नावच नव्हते.

डाव कोणाचाच नव्हता. दोन्ही अहवाल आपापल्या जागी खरे होते. खोटे होते ते माझे भाषांतर.

पुढच्या हंगामापासून ते नाव यादीत आले. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली तपासणीच्या रीती ठरत गेल्या, आणि बागाईतदारांनी हे औषध टाळावे म्हणून गावोगाव सांगणे झाले. यादी आजही वाढतेच आहे. जे उद्या सापडणार आहे त्याचे नाव आज तीत नसणार, हेही उघडच आहे.

मला हे सारे समजावले माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने. ती अशाच एका प्रयोगशाळेत काम करते. मी तिला चौथीत असताना खडूच्या कांडीवर शाईचा ठिपका देऊन कांडी पाण्यात उभी करायला सांगितली होती, आणि काळ्या शाईतून निळा नि जांभळा वर चढताना पाहून ती टाळ्या पिटत होती. (आपला फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो आणि त्स्वेतचा चुनखडीचा, ही दुरुस्ती तिने मला आता केली.) मी तिच्यापुढे तात्यांचा तो जुना कागद ठेवला. तिने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, “सर, यात तुम्ही तीन गोष्टी एक केल्यात. ‘नाही’ हे आम्ही कधीच लिहीत नाही. आम्ही लिहितो ‘सापडले नाही’, म्हणजे आमच्या यंत्राला दिसेल एवढे नाही. आणि जे यादीतच नाही, ते तर आम्ही शोधलेलेच नाही.”

मी आयुष्यभर मुलांना समानार्थी शब्द शिकवले. ‘नाही’, ‘सापडले नाही’ आणि ‘शोधले नाही’ हे तिन्ही मी एका शिखराखाली गाडून टाकले होते. त्स्वेतच्या नळीत हिरव्याचे दोन हिरवे झाले. माझ्या तोंडून मात्र तीन शब्दांचा एक शब्द झाला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

घरी आल्यावर मी तात्यांकडे गेलो आणि सारे सांगितले. दिंडीचे उदाहरण त्यांना लगेच पटले, कारण ते दरवर्षी त्र्यंबकला पायी जातात. माझी चूक कबूल केली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “चला, निदान आपल्याला कोणी फसवलं नाही, हे तरी कळलं. तेच जास्त लागून राहिलं होतं.”

त्यांची बाग अजून आहे. दर फेब्रुवारीत अहवाल येतो आणि तो वाचायला ते माझ्याकडेच येतात, हा त्यांचा मोठेपणा. मी आता बोट भरभर फिरवत नाही. एकेक नाव वाचतो, पुढचा आकडा वाचतो, किती बारीक अंशापर्यंत शोधले तेही वाचतो. शेवटी तात्या चष्मा पुसत विचारतात, “गुरुजी, नाही, का सापडलं नाही?”

“सापडलं नाही, तात्या.”

“आणि शोधलं कायकाय?”

मग मी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतो. वहिनी चहा टाकतात.